मोरीपर्यंत डबल सीट

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं. मी तिथे होतो. बाभळीखाली बसलो होतो, पाण्याचा कॅन मांडीशी धरून.

गोष्ट मागच्या वैशाखातली आहे. रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

आमचं गाव रनाळे, नंदुरबार तालुक्यात. गावाबाहेर एक नवा रस्ता झाला आहे, सरळ आणि रुंद. गावाकडच्या टोकाला एक बाभूळ आहे. तिथून थोडं पुढे पाटाची मोरी. मोरीवर रस्ता जरा उंच होतो, तिथे गाडी उडते. पुढे लांबच लांब सरळ रस्ता, आणि त्याच्या शेवटाला मिरचीची पथारी.

पथारी म्हणजे मिरच्या वाळवायचं मैदान. हिवाळ्यात तिथे जमीन दिसत नाही, सगळं लाल. डोंगरातल्या बाया येऊन बसतात, देठ खुडतात. वैशाखात मात्र तिथे काही नसतं. फाटकाला कुलूप, आत नुसती माती.

माझा नातू दिनेश. गावात त्याचं मोटारसायकलचं गॅरेज आहे. मला अक्षरं त्यानेच शिकवली, पासष्टी उलटल्यावर. म्हणून हे लिहू शकतो.

दिनेशला एक नाद होता. गाडी जास्तीत जास्त किती पळते आणि तिचं मीटर किती खोटं बोलतं, ते तपासायचं. हँडलला फोन लावायचा. फोनवर खरा वेग दिसतो, मीटरवर दुसराच. दोन्हींचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचा. लोक बघायचे.

"आबा, मीटर लबाड शे," तो म्हणायचा. "फोन खोटं बोलत नही."

प्रत्येक गाडी तो जाताना एकदा पळवायचा, येताना एकदा. वारा आणि चढ-उतार दोन्हीकडून सारखे धरले जावेत म्हणून. आणि दर वेळी निघण्याआधी फोनकडे बघून एकच वाक्य म्हणायचा.

"बठा मांगे, धरा घट्ट!"

बघणाऱ्यांसाठी म्हणायचा. जणू सगळे त्याच्या मागच्या सीटवर बसणार आहेत.

त्याची बायको रिना यावरून त्याला टोचायची. "सम्दा जगले मांगे बठाडतस, आन माले घर ठेवतस."

ठेवत नव्हता. डबल सीटची तपासणी तिच्यासोबतच व्हायची. ती पंजाबी ड्रेसवर, दोन्हीकडे पाय टाकून बसायची. त्याच्या स्वतःच्या गाडीचे आकडे मला पाठ झाले होते. एकटा असला की फोनवर सत्त्याण्णव. रिना मागे बसली की अठ्ठ्याऐंशी.

"म्हंजे मी नऊ किलोमीटर जड शे का?" असं म्हणून ती हसायची.

त्या दिवशी रिना नव्हती. माहेरी गेली होती, खापरला. संध्याकाळच्या बसने परत येणार होती.

दिनेशने त्याच्याच गाडीचं मीटर बदललं होतं. ते तपासायचं होतं. उन्हात एकट्याने जाऊ नये म्हणून मी सोबत गेलो.

रस्त्यावर माणूस नव्हता. कुत्रंही नव्हतं.

तो बाभळीपासून निघाला. मोरीवर उडाला आणि लहान होत होत पथारीच्या फाटकाशी पोहोचला. तिथे वळला. क्षणभर थांबला. म्हणजे त्याने ते वाक्य म्हटलं असणार.

मग परत निघाला.

उन्हाच्या झळांत रस्ता पाण्यासारखा हलत होता. त्या हलत्या पाण्यातून गाडी येताना दिसली. गाडीवर मला दोन डोकी दिसली...

मी डोळे पुसले.

मोरीवर गाडी उडाली. पुढे आली तेव्हा डोकं एकच होतं.

"आबा, वारा शे का?" दिनेशने आल्या आल्या विचारलं.

"नही रे. पान बी हालत नही."

"मंग काय व्हयनं? जाताना सत्त्याण्णव. येताना अठ्ठ्याऐंशीच्या वर जातच नही. गाडी जड लागी ऱ्हायनी. मोरी वलांडी आन एकदम सुटनी."

दोन डोक्यांचं मी मनातच ठेवलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार?

तो पुन्हा गेला. जाताना सत्त्याण्णव, येताना अठ्ठ्याऐंशी. मोरी आली की हलकी.

तिसऱ्यांदाही तेच झालं.

पण तिसऱ्यांदा तो गाडीवरून उतरला तो पोट धरून.

"आबा, मन्हा पोटले आग व्हई ऱ्हायनी."

त्याने शर्ट वर केला.

बेंबीच्या बाजूला कातडी लाल झाली होती. नीट बघितलं तर पाच बोटं मोजता येत होती. एकाच हाताची. दोन्हीकडे पाय टाकून बसणारा दोन हातांनी धरतो. लुगड्यातली बाई एका बाजूला पाय करून बसते. तीच अशी एका हाताने धरते.

मी तिथे बोट लावलं. बोट जिभेला लावलं.

मिरची.

मग माझी नजर गाडीच्या डाव्या बाजूला गेली. मागे बसणाऱ्याने पाय ठेवायची पट्टी... उघडी होती. बाभळीशी उतरल्यावर मीच ती पायाने मिटवली होती.

सावलीत बसून आम्ही व्हिडिओ ऐकला. जातानाच्या भागात नुसतं इंजिन आणि वारा. येतानाच्या भागात इंजिन, वारा आणि...

ठसका.

मिरचीच्या धुरळ्यात बसून बसून बायांना लागतो तसा. कोरडा, दोन-दोनदा येणारा. अगदी जवळ. दिनेशच्या खांद्यामागे.

मग मोरी आली.

त्यानंतर ठसका नाही.

दिनेशने फोन बंद केला. आम्ही गाडी चालू केली नाही. ढकलत गावात आणली.

शेजारच्या दगूबाईने बरीच वर्षं त्या पथारीवर काम केलं आहे. भाजल्याच्या खुणेवर लावायला लोणी घेऊन ती आली. आम्ही झालेलं सांगितलं. तिने खूण बघितली आणि ओट्यावरच बसली.

"दोधूभाऊ, हाई फुलवंताना हात शे."

फुलवंताबाई डोंगरातली. दोन हिवाळ्यांपूर्वी पथारीवर देठ खुडायला आली होती. एका संध्याकाळी तिला घरी जायची घाई होती. लेकरू आजारी असल्याचा निरोप आला होता. गावातलाच एक माणूस मोटारसायकलवर चालला होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, तो आता इथे राहत नाही. तो म्हणाला, चल, स्टँडवर सोडतो. गाडी नवी होती. त्याला पळवून बघायची होती. "धर घट्ट," म्हणाला आणि सुटला.

स्टँडवर येऊन गाडी थांबवली. म्हणाला, "उतर."

कोणी उतरलं नाही.

मागे वळून बघितलं तर सीट रिकामी.

लोक मोरीपर्यंत परत गेले. मोरीवर एक चप्पल होती. बाई नव्हती. पाटात पाहिलं, शेतांत पाहिलं. तिच्या घरी निरोप गेला, तर ती घरीही पोहोचली नव्हती. पडली, मेली की उठून कुठे चालत गेली, ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही.

"आन हाऊ शहाणा पथारीना फाटकशी जाईसन सांगस, बठा मांगे!" दगूबाई दिनेशवर खेकसली. "बठनी ती. तीन खेप बठाडी, तीन खेप पाडी तिले."

"मंग आते काय करू, मावशी?"

"बठाडी ना? मंग उतारनं बी तूच. हळू आन. स्टँडवर आन, आन तोंडथीन म्हन, उतर बाई, तुन्हं ठिकान वनं. तवलोंग त्या सीटवर कोनले बठाडू नको."

माझ्या मनात एकच गोष्ट आली. संध्याकाळच्या बसने रिना येणार होती. स्टँडवर उतरली की ती सरळ त्याच सीटवर बसणार होती.

त्याआधी फुलवंताला 'तुझं ठिकाण आलं' म्हणून सीट मोकळी व्हायला हवी होती.

उन्हं कलली तसा दिनेश पथारीकडे निघाला. मी सोबत येतो म्हणालो. तो म्हणाला, "आबा, तुम्ही बठशात तर ती कोठे बठी?"

हे तो हसून म्हणाला. पण ओठ पांढरे पडले होते.

मी नारळ घेऊन स्टँडवर उभा राहिलो. फुलवंता उतरली की फोडायचा होता. पाहुण्या बाईला आपल्याकडे रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

बसची वेळ अजून झाली नव्हती. मी निर्धास्त होतो.

तेवढ्यात एक काळीपिवळी जीप येऊन थांबली. माणसं उतरली. आणि त्यांच्या मागून पिशवी सांभाळत रिना उतरली.

"आबा, तुम्ही आठे? जीप भेटनी, मंग बसनी वाट कोन पाही?"

मी काही सांगणार, तोच वळणावर दिनेश दिसला.

इतकी हळू गाडी त्याने आयुष्यात चालवली नसेल. पायी चालणारा पुढे निघून जाईल अशी. मान ताठ. नजर समोर. मागचे शॉकअप पार खाली दबलेले.

सीटवर मला कोणी दिसत नव्हतं.

पण डावीकडची पट्टी उघडी होती.

तो आणत होता. त्याने तिला मोरीवरून पडू दिलं नव्हतं. आता फक्त एक शब्द म्हणायचा होता.

रिना पळत पुढे गेली. "आज इतला हळू? गाडी बिघाडनी का?"

मी ओरडलो, "रिना, थांब!" जीप निघाली. तिच्या आवाजात माझा आवाज बुडाला.

दिनेशने रिनाकडे बघितलं. आठ दिवसांनी बघत होता. पोरगा दिवसभर घाबरलेला होता. तिला बघून त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. आणि तोंडाने... तोंडाने सवयीचं तेच म्हटलं.

"बठ मांगे, धर घट्ट."

ती बसली.

माझी नजर मागच्या चाकावर होती. माणूस बसला की गाडी दबते. रिना बसली तेव्हा गाडी दबली नाही.

ती आधीच दबलेली होती.

ते दोघं घराकडे गेले. मी नारळ घेऊन तिथेच उभा राहिलो. रिकाम्या जागेकडे बघून म्हणालोही, "उतर बाई, तुन्हं ठिकान वनं." पण बसवलं मी नव्हतं. माझ्या म्हणण्याने कोण उतरणार?

नारळ परत घरी आणला.

दिनेश म्हणतो, त्या दिवसापासून सगळं ठीक आहे. पोटावरची खूण गेली. पथारीच्या रस्त्याला तो आता जात नाही. त्याला आठवतं की तो स्टँडवर "उतर" म्हणाला होता. मला आठवतं की म्हणाला नव्हता. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पण मी घरातच असतो. मला दिसतं.

रिना आता एका बाजूला पाय करून बसते. मी म्हटलं, "पोरी, तू तर दोन्हीकडे पाय टाकीसन बठे ना?"

"मी पहिलापासून अशीच बठस, आबा."

रात्री त्यांच्या खोलीतून ठसका ऐकू येतो. कोरडा. दोन-दोनदा येणारा. घरात फोडणी नसते, मिरची नसते. तिने दिलेल्या चहाच्या कपाची कड माझ्या ओठाला झोंबते. मी चहा पितो. कारण ती तशीच हसते, तशीच टोमणे मारते, माझ्या चष्म्याच्या काचा ओढणीने पुसून देते.

दिवाळीनंतर दिनेशने दुसऱ्या एका रस्त्यावर, गुजरातकडच्या बाजूला, पुन्हा डबल सीटची तपासणी केली. रिनाला मागे बसवून. हसत घरी आला.

"आबा, गंमत पहा! रिना मांगे बठेल शे, तरी सत्त्याण्णव! जाताना बी, येताना बी. गाडीले समजतच नही का कोनी बठेल शे."

रिनाही हसली. मग तिला ठसका लागला.

दिनेशने फोन बदलला. नव्या फोनवरही सत्त्याण्णवच आलं. त्या दुपारी एकटी फुलवंताही गाडीला जड लागली होती; आता रिना धरून कोणीच लागत नाही.

मीटर लबाड असतं हे त्यानेच मला शिकवलं. फोन खोटं बोलत नाही, हेही त्यानेच शिकवलं. मी रोज कुलदैवताला हात जोडतो तेव्हा एवढंच मागतो की फोनही लबाड निघू दे.

दगूबाई म्हणते, अजून वेळ गेलेली नाही. दिनेशला स्टँडवर ने. रिनाला मागे बसव. त्याच जागी गाडी थांबव आणि त्याला म्हणायला लाव, उतर बाई.

नारळ देवळीत ठेवलेला आहे. स्टँड इथून हाकेच्या अंतरावर आहे.

पण मी दिनेशला अजून सांगितलेलं नाही. आज इथे लिहितो आहे, कधीतरी तो वाचेलच.

त्याने "उतर" म्हटल्यावर त्या दोघींतली कोण उतरेल...

आणि कोण मागे बसून राहील?