डंकनचा थर्मास

बॉयलरच्या खोलीपुढं पाण्यासाठी रांग लागली होती, आणि रांगेच्या शेवटी एक परदेशी माणूस हातात थर्मास धरून उभा होता.

रुओलान थबकली. हा डंकन... स्कॉटलंडहून यंदाच चीनमध्ये, लान्चौच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायला आलेला. दर शनिवारी पॉप्लरच्या झाडांखाली इंग्रजी बोलायला पोरं जमायची, तिथं तो यायचा. आला की त्याच्याभोवती कडं पडायचं. "तुम्हाला आमचं जेवण आवडतं का?" "तुमचं लग्न झालंय का?" रुओलान अंगानं लहानखुरी. कड्याबाहेर चवड्यांवर उभं राहिलं तरी तिला दिसायचे फक्त त्याचे तांबडे केस. सगळा हिवाळा असाच गेला. तिचं एक वाक्यही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आणि आज तो एकटा! त्याच्या इमारतीतलं गरम पाणी बंद पडलं होतं.

ती त्याच्या मागं उभी राहिली. घसा खाकरला. इंग्रजीच्या पुस्तकातलं पहिलंच वाक्य बाहेर पडलं. "आपली प्रकृती कशी आहे?"

तो वळला. "बरी आहे. तुझी?"

"माझी प्रकृती उत्तम आहे, धन्यवाद. आणि आपली?"

"अजून बरीच आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

तिचे कान तापले. मग तिलाच हसू फुटलं, आणि तोही हसला.

पाणी भरून झालं. रुओलाननं आपले दोन थर्मास उचलले. एक तिचा, एक खोलीतल्या मैत्रिणीचा, थाओचा. डंकननं ते सहज तिच्या हातून घेतले.

"जड आहेत. दे इकडे."

आता, त्या विद्यापीठात कुणा मुलानं मुलीचा थर्मास उचलला की त्या दोघांचं ठरलं असं समजायचे. कुणी कुणाला विचारत नसे. मुलींच्या वसतिगृहाच्या खिडक्या धडाधड उघडल्या. वरून कुणीतरी चमच्यानं जेवणाचा वाडगा बडवला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच.

"आज काही सण आहे का?" डंकननं विचारलं.

त्याला सांगायला हवं होतं. रुओलाननं तोंड उघडलंही... "नाही," ती म्हणाली. "इथं रोजच असं असतं."

खोलीत थाओ कमरेवर हात ठेवून उभी होती. "अगं बये, माझा थर्मास पण त्याच्याच हातात? म्हणजे मी पण गेले का स्कॉटलंडला?"

"त्याला काही माहीत नाही गं."

"त्याला नाही. तुला आहे ना?"

दुसऱ्या संध्याकाळी रुओलाननं वेणी पुन्हा घातली आणि पाणी आणायला निघाली. तो आलाच होता. त्यानंतर रोजच यायला लागला. बॉयलरपासून वसतिगृहापर्यंतची वाट लहानशी, पण ती दोघं हळू चालायची.

"दिवसभर दगडच बघतेस?" तो विचारायचा. ती भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती.

"दगड बरे. तुमच्यापेक्षा स्पष्ट बोलतात. रेडिओवरचं इंग्रजी मला कळतं, तुमचं नाही."

"मग शनिवारी इतकी मुलं काय ऐकायला येतात?"

"केस बघायला."

वसंतातली पिवळी धूळ उडायला लागली तेव्हा विभागातल्या मा बाईंनी तिला बोलावलं. विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांची शिफारस त्यांच्या हातात होती. कोण कुठं जाणार ते वरूनच ठरायचं.

"बस, पोरी. शांघायच्या भूगर्भशास्त्र संस्थेत एक जागा आहे. तुझं घर तिथंच ना?"

"हो बाई. आई, दादा सगळे तिथंच."

"मी तुझं नाव दिलंय." मा बाईंनी चहाच्या कपावरचं झाकण उचललं, परत ठेवलं. "पण वर विचारतात, त्या परदेशी मास्तरचं काय? मी म्हटलं, काही नाही, त्याला इथली रीत माहीत नाही. खरं ना?"

रुओलान नखातली दगडाची धूळ काढू लागली.

"आज संध्याकाळी तुझे थर्मास तू उचलायचे. सगळ्यांना दिसू दे. मी माझ्या खिडकीत आहे. नाहीतर वाळवंटात तेलाच्या विहिरी आहेत, तिथंही दगड बघणारी माणसं लागतात." मग आवाज खाली आला. "तो वर्षाअखेर जाईल गं. तू कुठं जाशील?"

संध्याकाळी वारा पडला होता. पाणी भरून झाल्यावर डंकननं हात पुढं केला, तशी रुओलान म्हणाली, "थांबा. तुम्ही हे उचलता... त्याचा इथं काय अर्थ होतो, माहीत आहे?"

"आहे."

"नाही, तुम्हाला—"

"माझ्या वर्गातल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

"मग?"

"मग त्या संध्याकाळी मी लवकर आलो." तो खाली बघत म्हणाला. "आमच्या इमारतीतलं पाणी तर केव्हाच सुरू झालंय."

वरच्या खिडक्या भरल्या होत्या. वाडगे मात्र वाजत नव्हते. रुओलाननं मा बाईंचं बोलणं त्याला सांगितलं. शांघाय, वाळवंट, सगळं.

डंकनचा हात मागं गेला. "मग तूच उचल," तो म्हणाला. "मला उद्या जा म्हणाले तरी माझं घर आहे. तुला इथं राहायचंय. उचल, रुओलान. त्यांना बघू दे."

तिनं दोन्ही थर्मास उचलले. चार पावलं चालली. डाव्या हाताला मा बाईंची खिडकी होती. बाईंनी हळूच मान हलवली... शाबास म्हणाल्यासारखी.

रुओलान थांबली. थर्मास खाली ठेवले, अगदी जपून. फुटला तर थाओनं जीव घेतला असता. मग ती मागं वळली, डंकनपाशी आली आणि त्याच्या हातातला त्याचा थर्मास तिनं काढून घेतला.

मुलीनं मुलाचा थर्मास उचललेला त्या विद्यापीठात कुणी पाहिला नव्हता.

"हे काय करतेस?"

"तुमच्या इमारतीपर्यंत चालू या," ती म्हणाली. "माझे ते दोन तुम्ही घ्या. नंतर मला परत सोडायला यायचंय."

डाव्या हाताची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. शांघाय गेलं. वर कुठंतरी एक चमचा वाडग्यावर वाजला. एकच. ती थाओ असणार.

रुओलान इतकी झपाझप चालत होती की थर्मासमधलं पाणी डुचमळत होतं.

"बरी आहेस ना?" डंकननं विचारलं.

"माझी प्रकृती उत्तम आहे, धन्यवाद," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि... तुझी?"