बावन्न वेली

सेकोंदो बोफ्फा मेलेला सापडला तो त्याच्याच द्राक्षमळ्यात, अवजारांच्या खोपीपाशी. मागून डोक्यात खुंट घातलेला. फेब्रुवारीची थंडी अशी की संध्याकाळपर्यंत प्रेत लाकडासारखं झालं होतं, आणि मरणाची वेळ विचारल्यावर डॉक्टरने सरळ हात वर केले.

वेळ ठरवली ती ठाणेदार कानेपाने. म्हातारा सकाळी साडेसातला छाटणीला लागला, हे त्याच्या मुलीने, इनेसने, पाहिलं होतं. हातकात्रीने तासाला पंधरा वेली, हा त्याचा वेग अख्ख्या गावाला पाठ. ओळीत बावन्न वेली छाटलेल्या. म्हणजे अकरापर्यंत तो जिवंत होता. आणि अकराला मळ्यात कोण गेलं? रेमो. आठवड्यापूर्वीच बांधाच्या वादावरून भर खानावळीत सेकोंदोच्या अंगावर धावून गेलेला रेमो.

रेमो अकराला वर गेला होता हे ठाणेदाराला सांगितलं त्याच्या आईनेच, देल्फीनाने. तिला खोटं बोलता येत नसे. विचारलं, आणि ती खरं बोलून बसली. म्हातारा दिसला नाही म्हणून बांधावरूनच परतलो, असं रेमो म्हणत होता; कोण मानणार? आता संध्याकाळी पोराला आल्बाच्या तुरुंगात हलवणार होते.

रेमोचा राग तिला चांगला ठाऊक होता. रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

देल्फीनाने चाळीस वर्षं या टेकड्यांवर लोकांना छाटणी शिकवली होती. दुपारी ती काठी टेकत मळ्यात गेली आणि ओळीच्या तोंडापासून एकेक वेल पाहत निघाली. तेविसाव्या वेलीपाशी थबकली. पुढच्याही सगळ्या पाहिल्या. मग तिथूनच कानेपाला फोन लावला.

"सेकोंदोच्या घरी या, साहेब. पोराला न्यायच्या आधी."

स्वयंपाकघरात इनेस होती आणि तिचा नवरा लापो. किआंतीकडचा, दुसऱ्याच द्राक्षमुलुखातला माणूस, लग्नानंतर दहा वर्षांपूर्वी इथे आलेला.

"लापो, काल कुठं होतास?" देल्फीनाने बसता बसता विचारलं.

"सांगून झालंय, काकू. नऊला घर सोडलं. दहा ते बारा आल्बात, दाताच्या डॉक्टरकडे."

"ते खरं आहे," कानेपा म्हणाला. "मी खात्री केलीय."

"आल्बाला पंचवीस मिनिटं लागतात. उरलेला अर्धा तास?"

"रस्ता निसरडा होता. सावकाश गेलो. पोरगा आत गेला म्हणून आता माझ्या गळ्यात अडकवताय होय?"

"मळा विकायचं तुझ्या मनात होतं. सासरा ऐकत नव्हता."

"मग? सासरे कुणाचं ऐकतात?"

"बरं, एवढं सांग. तुमच्याकडे वेल कशी छाटतात?"

"आखूड. दोन डोळे ठेवून."

"आणि आमची ही नेब्बिओलो जातीची वेल?"

"लांब काडी ठेवून. दहा वर्षं काढलीत इथं. मला काय शिकवताय?"

देल्फीना कानेपाकडे वळली. हा समुद्राकाठचा माणूस, त्याला सगळं फोडून सांगायला हवं होतं.

"साहेब, नेब्बिओलोच्या काडीचे बुडाजवळचे दोन-तीन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, वांझ असतात. पाला येतो, घड येत नाही. म्हणून आठ-दहा डोळ्यांची काडी ठेवावीच लागते. पहिल्या बावीस वेलींवर तशी आहे. पुढच्या तीस दोन डोळ्यांवर तोडल्यात. यंदा त्यांना एक घड लागायचा नाही."

"म्हातारा गोंधळला असेल," लापो म्हणाला.

"बाबा?" इनेसने मान वर केली. "बाबा झोपेतसुद्धा असं कापणार नाहीत."

"कापलंच नाही त्याने," देल्फीना म्हणाली. "बावीस वेली म्हणजे दीड तास. सेकोंदो नऊला मेला. पुढच्या तीस मारणाऱ्याने छाटल्या, बॅटरीच्या कात्रीने, वीसेक मिनिटांत. म्हातारा अकरापर्यंत जिवंत होता असं दिसावं म्हणून. त्यात फायदा कुणाचा? रेमोचा? तो अकराला तिथंच होता, त्याला तर तो फासच. नऊला मात्र तो सोसायटीच्या गोदामात दहा जणांदेखत खत उचलत होता. फायदा एकट्याचाच, जो अकराला आल्बात तोंड वासून बसला होता."

देल्फीनाने काठी मांडीवर आडवी ठेवली.

"लांब ठेवायचं हे तुला माहीत होतं रे," ती लापोला म्हणाली. "पण घाई होती, भीती होती. हात लहानपणी शिकले तेच करून गेले."

"पुरावा काय याला?" लापोने विचारलं, पण ठाणेदाराकडे न बघता.

इनेस उठून उभी राहिली. "तुझी बॅटरीची कात्री कुठाय, लापो? कालपासून खुंटीवर नाही."

लापो खुर्चीत मागे टेकला.

"विहिरीत," तो म्हणाला.

दिवस मावळायच्या आत रेमो सुटला. चढ चढताना त्याने आईला हाताचा आधार दिला.

"ठाणेदार सांगत होता, तू थंडीत एकेक वेल बघत फिरलीस. मला सोडवायला."

देल्फीनाला दम लागला होता. ती थांबली.

"नाही," ती म्हणाली. "तू केलंस की नाही, ते बघायला."

रेमोने हात सोडवून घेतला आणि तो एकटाच पुढे चढत गेला.