सूर कोणी दिला?

ही घटना खरी आहे. मला रंगवून सांगता येत नाही. कदाचित मध्येच अडखळेनही. पण सुमित्रामामींनी जे सांगितलं, त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही.

सकाळची आहे. सन १९५८, कार्तिक महिना. गाव मुर्री, गोंदियाला अगदी लागून.

आणि तिच्या मुळाशी आहे एक पोस्टकार्ड... ज्याला मामींच्या नवऱ्यानं, उदाराममामांनी, कधी उत्तरच दिलं नाही.

कार्ड नंदलालचं होतं. मुर्रीच्या भजनमंडळात नंदलाल गायचा आणि मामा पेटी वाजवायचे. नंदलाल आधी हलकेच खाकरायचा. मग मामा दुसरी काळी पट्टी दाबायचे. तो सूर मिळाल्याशिवाय नंदलाल तोंड उघडायचा नाही.

मंडळाचा एक नियम होता. ज्यानं सूर दिला, त्यानं शेवटपर्यंत साथ करायची. मधून उठायचं नाही.

नागपूरला रेडिओ सुरू झाला आणि सगळं बदललं. बावन्न सालानंतर तर सिनेमाची गाणी मागे पडली आणि सकाळी रागदारी जास्त वाजू लागली. गाणारे हवे होते. दोघं मिळून चाचणीसाठी नागपूरला गेले.

नंदलाल पास झाला.

मामांना पेटी उघडायलाही कोणी सांगितलं नाही. त्या काळी रेडिओवर पेटी चालतच नव्हती.

पुढच्याच वर्षी ते कार्ड आलं. ‘तुझ्या सुराशिवाय गळा बसत नाही. पेटी आत नेता येत नाही, पण बाहेरच्या खोलीत तू सूर दे, तो कानात घेऊन मी आत जाईन. कधी येतोस?’

मामांनी कार्ड वाचलं आणि छपराच्या वाश्यात खोचून ठेवलं.

“त्यानं आत गायचं न म्या दाराबाहेर बसाचं?” एवढंच ते मामींना म्हणाले.

पण धान विकून बॅटरीचा रेडिओ मात्र त्यांनी आणला. नंदलालचं गाणं असलं की सपरीत, घरापुढच्या ओसरीवर, बसून ऐकायचे. त्याचा सूर जरा हलला की मांडीवर थाप मारायचे. दाद म्हणून नव्हे. आनंदानं.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात नंदलाल तापानं गेला. मामा नागपूरला गेले नाहीत.

त्याच सुमाराला विविध भारती आली. गावात जो तो काटा तिकडे फिरवू लागला. सकाळचं शास्त्रीय गायनही आखडत गेलं. अर्ध्या तासाचं पाव तासावर आलं. मामांनी मात्र काटा हलवला नाही.

मग त्या कार्तिकातली ती सकाळ उजाडली. निवेदकानं कोणा गायकाचं नाव घेतलं. तानपुरा सुरू झाला...

आणि कोणीतरी हलकेच खाकरलं.

मामांनी चहा खाली ठेवला.

पुढे गाणं नाही. नुसता तानपुरा. वाट पाहणारा.

“काऊन हा गात नाही वो?” त्यांनी विचारलं.

“गाऊन तं राहिला!” मामी चुलीपासून म्हणाल्या. “कान फुटले का तुमचे?”

दुसऱ्या दिवशीही तेच. खाकरणं... आणि शांतता. तिसऱ्या दिवशीही.

मामांना भीती वाटायला हवी होती. पण मामी सांगत, ते हसायचे. रेडिओला तोंड लावून म्हणायचे, “बस तसाच. माह्याशिवाय गाता येत नाही न?”

दिवसेंदिवस ते खाकरणं घाईचं होत गेलं. वेळ संपत आल्यासारखं.

शेजारच्या गल्लीत जागेश्वर राहायचा. दोन लेकरांचा बाप. मामांकडेच पेटी शिकलेला. हात जड, पण माणूस गमत्या, म्हणून मंडळात आता त्यालाच बोलावणं जायचं. मामांना ते सलायचं.

एका सकाळी तो सपरीत येऊन बसला.

“कायले आयकता मामाजी हे आऽऽ आऽऽ? विविध भारती लावा न! मामी बी खूश होईन.”

“तुले गाण्यातलं काय समजते?”

“माह्यी पेटी आयकाले मानसं येतात. तुमची आयकाले कोन येते?”

हसत हसत त्यानं मामांची पेटी पुढे ओढली.

रेडिओत कोणीतरी खाकरलं...

आणि जागेश्वरनं सहज दुसरी काळी पट्टी दाबली.

“हात काढ!” मामा ओरडले.

उशीर झाला होता.

रेडिओतून नंदलालचा आवाज आला. मोकळा, भरलेला. एका श्वासात तो वरच्या षड्जावर जाऊन उभा राहिला.

जागेश्वरला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. तो थट्टा करत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गल्लीतून बायकांचा रडण्याचा आवाज आला.

जागेश्वर झोपेतच गेला होता. आदल्या रात्री पोटभर जेवलेला माणूस. मामींनी त्याला पाहिलं. उजव्या हाताची बोटं वाकलेली होती... पट्ट्यांवर ठेवल्यासारखी.

मामा त्याच्या अंत्ययात्रेला जाऊन आले. पुढच्या सकाळी मामींनी हात धरला तरी त्यांनी रेडिओ लावलाच.

तानपुरा. खाकरणं.

आणि लगेच...

पेटी.

रेडिओवर! जिथे पेटी वाजतच नव्हती, तिथे.

तो जड हात मामांनी ओळखला. त्या हातावर नंदलाल गात होता. असा तो मुर्रीत कधी गायला नव्हता. मामींना मात्र कोणा बाईचं गाणं ऐकू येत होतं.

मामा थरथरत होते. मामींना वाटलं, भीतीनं.

“बंद करा वो ते,” त्या रडवेल्या झाल्या.

“जागा माह्यी होती,” मामा म्हणाले. “पाच वर्षं मले बोलवत होता तो. मले! न हा जाऊन बसला.”

त्यांनी वाश्यातलं कार्ड काढलं, नंदलालचा जुना पत्ता पाहिला आणि नव्या कार्डावर उतरवला. मग गोंदियाच्या पोस्टाकडे चालू लागले. मामी मागे धावल्या. रेल्वेच्या फाटकापाशी त्यांनी धोतराचा सोगा धरला.

“कोनाले लिवलं?”

“नंदलालले.”

“मेला न वो तो! न त्या जागेश्वरचं काय झालं, दिसलं नाही का तुमाले?”

“दिसलं म्हनूनच लिवलं.”

मामींना अक्षरओळख होती. त्यांनी कार्ड हिसकून वाचलं. दोनच ओळी होत्या.

‘जागेश्वरला पेटीवरून उठव. सूर मी देतो.’

ते कार्ड त्यांनी तिथेच का फाडलं नाही, हे मामींना म्हातारपणीही सांगता आलं नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही. त्या म्हणत, हातातला जोरच गेला होता, आणि लग्नानंतर प्रथमच त्यांचा नवरा इतका तरुण दिसत होता.

मामांनी कार्ड परत घेतलं, डाव्या हातानं पुसून सरळ केलं, आणि पोस्टाच्या लाल डब्यात टाकलं.