हात आत आहे

"दाजी, नीट सांगा. आवाज कधी येतो? थंड असताना, पुलावर चढताना, का ब्रेक मारल्यावर?"

"गाडी बंद असताना," दाजी म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. गोडादऱ्यात गॅरेज टाकल्यापासून लोकांचं काय काय ऐकून घेतो मी. कुणाची गाडी खोकते, कुणाची कण्हते. पण बंद गाडी वाजते, हे सांगायला माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं यावं? आणि सुकलाल दाजी थापा मारणारा माणूस नाही. कापडाच्या लूमचं काम सोडल्यापासून ते ही सात सीटची जुनी डिझेल गाडी भाड्यानं चालवतात, आणि गाडीला पोरासारखं जपतात.

"उद्या चंचलला दवाखान्यातून सुट्टी मिळणार," ते म्हणाले. "बाळाला ह्याच गाडीतून घरी आणायचंय. मला काही वेडंवाकडं नको, योगराज."

चंचल म्हणजे त्यांची लेक, माझी भाची. दोनदा पोट राहिलं आणि दोनदा गेलं. आता ही मुलगी झाली, तीही ऑपरेशन करून, वर काचेच्या पेटीत ठेवावी लागली. दाजींनी नातीला अजून काचेतूनच पाहिलं होतं. मी जीभ आवरली आणि बॉनेट उघडलं.

आवाज म्हणजे कुठंतरी काहीतरी सैल आहे, एवढंच माझं शास्त्र. इंजिन चालू करून टॅपेट ऐकले. बेल्ट, पंखा, इंजिनाखालचे रबर, सायलेन्सरवरचा पत्रा, सगळं हलवून पाहिलं. उंदीर असेल म्हणून बॅटरीसुद्धा काढून बसवली. भर दुपार होती, पर्वत पाटियाकडं जाणारे टेम्पो समोरून बोंबलत चालले होते. सगळं ठीक. इंजिन बंद केलं, दाजींना म्हटलं, बसा, आता परत मारा स्टार्टर.

त्यांनी चावीला हात लावला.

ठण्ण.

लोखंडावर लोखंड. आतून. दाजींनी हात मागे घेतला, आवाज थांबला. परत चावी धरली.

ठण्ण.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं, माझंही वेगळं नव्हतं.

तुम्ही लूमच्या खात्यात काम केलं नसेल तर हे कळायचं नाही. तिथं शंभर मागांच्या खडखडाटात माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. मग आम्ही पान्यानं बोलायचो. मागाखाली कुणी हात घालून दुरुस्ती करत असला आणि दुसरा बटणापाशी गेला, की खालचा सांगाड्यावर एक ठोका मारायचा. थांब, हात आत आहे. बटणवाला दोन ठोके मारून विचारायचा, काढला का? खालून दोन ठोके आले की काढला. मग चालू करायचं. दाजी आणि मी एकाच खात्यात होतो. हे आमच्या हाडात मुरलंय.

"मजार कोन शे?" दाजी अहिराणीत पुटपुटले. आत कोण आहे? नातीच्या काळजीत असलेला माणूस, आवाज अगदी बारीक झाला होता.

मी खाली आडवा होऊन पाहिलं. कुणी नव्हतं. वरून टॉर्च मारला. पलीकडची जमीन दिसत होती. मांजर शिरायला जागा नव्हती.

ठण्ण.

मी पुढं जे केलं ते विचार करून केलं नाही. हातात पाना होता. मी बॉनेटच्या कडेवर दोन ठोके मारले.

काढला का?

थोडा वेळ काहीच नाही. मी पाना तसाच धरून बॉनेटखाली कान लावला.

मग आतून दोन ठोके आले. सावकाश, दमलेल्या माणसानं मारावेत तसे.

आणि दाजींनी चावी फिरवली. त्यांनीही विचार केला नाही. दोन ठोके आले की चालू करायचं.

इंजिन असं लागलं, की मी ती गाडी इतकी गोड चालताना कधी ऐकली नव्हती. दाजींनी बंद केली, परत चावी धरली. आवाज नाही. पुन्हा धरली. नाही.

"झालं दाजी," मी म्हटलं. जीव भांड्यात पडला होता.

दाजी खाली उतरले नाहीत. बॉनेटकडे बघत बसले.

"हात निघाला रे," ते म्हणाले. "पण गेला कुठं?"

दुसऱ्या दिवशी बाळ त्याच गाडीतून घरी आलं. वाटेत रडलंसुद्धा नाही, असं ताईनं फोनवर सांगितलं. मी संध्याकाळी झबलं घेऊन गेलो. दाजी नातीला न्याहाळत बसले होते, मला वाटलं माणूस विसरला सगळं. बरं वाटलं.

भिंतीलगत साडीची झोळी टांगली होती. मी झोळीतून बाळाला उचललं. सगळं अंग माझ्याकडे आलं, उजवा हात तेवढा भिंतीकडे ताणलेला राहिला. मूठ मिटलेली होती, पण पुरती नाही. मधे बोटभर जागा होती.

मी अलगद ओढलं.

पलीकडून तितकंच अलगद ओढलं गेलं.

"ओढू नका मामा," चंचल खाटेवरून झोपाळू आवाजात म्हणाली. "गाडीत बसल्यापासून धरलंय तिनं. सोडवायला गेलं की रडते."