स्टँडवरचा फोन

"निर्णय झालाय. मुलगी आज पेपरला बसणार नाही," मुख्याध्यापिकांनी ऑफिसच्या दारातच सुनावलं.

"मग मला कशाला बोलावलंत?" वहिनी वैतागल्या. खाजगी तपासनीस असल्या तरी सगळे त्यांना वहिनीच म्हणत. सोबतचा दीर वाटेत दोनदा रस्ता चुकला होता, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं.

"मी नाही, हिच्या आईनं बोलावलंय."

आई मुलीचा हात घट्ट धरून उभी होती. "वर्ष बुडेल हो पोरीचं!"

शाळेनं मोठ्या हौसेनं मुलांना शिकायला स्वतःचे मोबाईल आणायला लावले होते. आणि गेल्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, वर्गाच्या सामायिक फोल्डरमध्ये गणिताच्या वार्षिक पेपरचा फोटो आला, तोही या मुलीच्या फोनवरून. पेपर घाईघाईनं बदलला. नवा पेपर थोड्याच वेळात सुरू होणार होता.

वहिनींनी फोटो पाहिला. कागद अगदी सरळ, चारही बाजू सारख्या. तिसऱ्या प्रश्नावर लाल काट.

"त्या सुट्टीत फोन माझ्याकडे नव्हताच," मुलगी म्हणाली. "शाळेचा कॅमेरा बिघडलाय. म्हणून सर आमच्यापैकी कुणाचा तरी फोन टेबलावरच्या स्टँडला लावतात आणि त्याखाली गणितं सोडवतात. पडद्यावर सगळ्यांना दिसतं. त्या दिवशी माझा फोन लावला होता."

तिच्या बाकावरची मैत्रीण फुरंगटली. "माझ्यावर कसला संशय? त्या दिवशी मी तापानं घरी होते. गणितं मला घरबसल्या मिळाली, एकेक पायरी, आपोआप."

गणिताचे सर घाम पुसत म्हणाले, "त्या सुट्टीत मी वर्गातच पेपरातल्या चुका दुरुस्त करत होतो. पेपर क्षणभरही माझ्या नजरेआड झाला नाही. थेट कपाटात ठेवला."

वहिनींनी कपाटातली प्रत मागवली. तिच्यात तिसरा आणि पाचवा, दोन्ही प्रश्न लाल शाईनं काटलेले होते.

"सर खोटं बोलतायत!" दीर कुजबुजला.

"भावजी, तिघंही खरंच बोललेत. तिथंच तर गोची आहे."

वहिनी सगळ्यांकडे वळल्या. "फोटोत पाचवा प्रश्न काटलेला नाही. म्हणजे फोटो दुरुस्ती चालू असताना निघाला. चोर काय सरांच्या खांद्यावरून वाकला होता? आणि चोरून काढलेला फोटो इतका सरळ येतो? तो स्टँडवरून आलाय. या मैत्रिणीला गणितं आपोआप मिळतात, कारण स्टँडवरचा फोन थोड्या थोड्या वेळानं फोटो काढून फोल्डरमध्ये टाकत राहतो. तसं लावायला कुणी सांगितलं गं?"

"सरांनीच."

"आणि सुट्टी झाल्यावर ते बंद करायला सर विसरले. त्याच टेबलावर, त्याच फोनखाली पेपर घेऊन बसले."

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. सर खुर्चीत कोसळले. "माझ्या... त्याच संध्याकाळी लक्षात आलं होतं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो."



"जा बाळ, घंटा होतेय," मुख्याध्यापिका घाईनं म्हणाल्या.

मुलगी जागची हलली नाही. "सर, तुम्ही मला रोज वर्गात उभं केलंत. सगळ्या वर्गासमोर म्हणालात, खरं बोल, शिक्षा कमी करतो."

"चुकलं माझं."

"इथं नको. वर्गात सांगा. मग मी पेपर लिहिते."

सर उठले आणि तिच्या पुढे वर्गाकडे चालू लागले.