बांबूची सॅक

"ताई, बांबू सापडत नाहीये." फोनवर गट्टू एवढंच बोलला आणि रडायला लागला.

ताईचा घास हातातच राहिला. बांबू म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दारातून वाकून जाणारा. गट्टू शेजारचा, बांबूच्या खांद्याला जेमतेम लागणारा, पण लहानपणापासून त्याच्या शेपटाला बांधल्यासारखा. दोघं पाठीवर सॅक टाकून शेजारच्या देशात फिरायला गेले होते. तीन शहरं बघायची, स्वस्तात राहायचं आणि परत यायचं, इतका साधा बेत. पहिली दोन झाली. तिसऱ्यात बांबू म्हणे सकाळी चहा प्यायला बाहेर पडला, तो आलाच नाही.

ताईने व्हिसाच्या कचेरीत ठाण मांडलं, हातापाया पडली. त्या देशाचा नियम असा की व्हिसावर ज्या शहराचं नाव असेल तिथेच जायचं, दुसरीकडे पाऊल टाकायचं नाही. पोरांच्या व्हिसावर तिन्ही नावं होती. ताईला घाईत एकच मिळालं, तिसरं. तिने तेवढ्यावर देवाचे आभार मानले. भाऊ तिथेच हरवला होता ना!

आईला अजून कुणी धड काही सांगितलं नव्हतं. ती आपली कौतुक करत होती, की बाहेर गेल्यावर पोराला आईची किंमत कळली. परवापर्यंत रोज मेसेज करून विचारत होता, जेवलीस का. घरात असताना कधी विचारलं नाही मेल्याने. ताईने मान फिरवली आणि बॅग भरली.

ती विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासायची. लोक कसं खोटं बोलतात हे ओळखायचाच तिला पगार मिळायचा. पण स्वतःच्या माणसाची वेळ आली की डोकं चालत नाही हो. हॉस्टेलच्या खोलीतले लोखंडी पलंग, दोरीवरचे ओले टॉवेल, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली बांबूची निळी सॅक, हे बघून तिला आधी भडभडून आलं.

तिच्यासोबत खोलीत आलेला तिथला पोलीस अधिकारी वयाने मोठा, सरळ माणूस होता. त्याने स्टेशन पाहिलं होतं, दवाखाने पालथे घातले होते, नदीकाठही सोडला नव्हता. एवढा उंच मुलगा कुणाच्याच नजरेला पडला नव्हता. हॉस्टेलच्या मॅनेजरलाही नाही. गट्टूने दोन पासपोर्ट टाकले, दोघांचे पैसे दिले, मित्र मागून येतोय म्हणाला. येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत बसायला मॅनेजरला सवड नव्हती.

ताईने सॅक उचलून पाठीवर घेतली. उगाच, भावाची म्हणून. मग ती जागच्या जागी थबकली. खांद्याचे पट्टे, कमरेचा पट्टा, तिने सगळं हाताने चाचपलं. ती बांबूसारखी नव्हती, आईवर गेली होती, ठेंगणी. सॅक हळूच खाली ठेवून ती पलंगावर बसलेल्या गट्टूसमोर येऊन बसली.

"गट्टू, ही सॅक कोण उचलायचं?"

"बांबूच. मला हातही लावू देत नव्हता."

"काल, परवा, तू कुठे नेलीस?"

"नाही, ताई. तो गेला तेव्हापासून तिथेच आहे."

"लंगडतोयस का?"

"गरम पाण्याची बादली कलंडली. काल इथेच, आंघोळीला."

"पँट वर कर."

उजव्या पोटरीवर, आतल्या बाजूला, भाजल्याचा लांबट डाग होता. खपली धरून सुकायला लागलेला.

"आईला रोज मेसेज कोण करत होतं?"

गट्टूने अधिकाऱ्याकडे बघितलं. "बांबू. आणखी कोण करणार?"

ताईला एकदम थकल्यासारखं झालं. ती अधिकाऱ्याकडे वळली.

"साहेब, शोध थांबवा. माझा भाऊ या शहरात आलाच नाही."

अधिकारी पुढे सरकला. ताई सांगत गेली, कामावर सांगायची तशी, एकेक करून.

"सॅकचे पट्टे आपापल्या उंचीप्रमाणे ओढून घेतात. बांबूच्या मापाची सॅक माझ्या कमरेखाली लोंबायला हवी होती. ती मला बेतून शिवल्यासारखी बसली. या खोलीतून त्या खोलीत न्यायला कुणी पट्टे आवळत बसत नाही. ती याने वाहिली आहे, चांगली लांबवर. स्वतःची पोटावर अडकवली असेल आणि ही पाठीवर. आता हा डाग. पाणी सांडलं तर ओघळ येतात. हा एका जागी आहे. मोटारसायकल अंगावर पडली की सायलेन्सर असाच भाजतो, मी असे शेकड्यांनी पाहिलेत. शिवाय हा डाग कालचा नाही, चांगला जुना आहे, तेव्हा अपघात इथला नाही. आणि आईला जेवलीस का म्हणून बांबू जन्मात विचारणार नाही. आमच्या घरी आल्यावर ते विचारायचास तू, गट्टू."

गट्टूने तोंड ओंजळीत लपवलं. मग हुंदके देत सगळं ओकला. पहिल्याच शहरात त्याने हट्टाने भाड्याची मोटारसायकल घेतली. परवाना नव्हता. वळणावर गाडी घसरली, मागे बसलेला बांबू डोक्यावर आपटला. माणसं धावली, ओरडायला लागली. परक्या देशातला तुरुंग डोळ्यासमोर आला आणि हा पळाला. दोघांचे पासपोर्ट याच्या कमरेच्या पाकिटात, बांबूचा फोनही याच्याकडेच. मग एकेक शहर पुढे गेला, दोघांचे पैसे भरत, आईला मेसेज करत. परतताना सीमेवर, दोघं आलात तर दुसरा कुठे आहे, असं विचारतील म्हणून इथे येऊन त्याला हरवून टाकला.

"तो हलत नव्हता, ताई. मला वाटलं, गेला."

"गेला असता तरी माझा भाऊच होता ना रे तो?"

अधिकाऱ्याने पहिल्या शहरात फोन लावला. बराच वेळ तो नुसता हं हं करत राहिला. मग फोन ठेवून म्हणाला, सरकारी दवाखान्यात एक उंच तरुण आहे, बेवारस म्हणून. श्वास चालू आहे, शुद्ध नाही. डोक्याचं ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात व्हायला हवं, पण परदेशी दिसणाऱ्या बिननावाच्या माणसाला ते घेत नाहीत. ओळखणारं माणूस पासपोर्ट घेऊन आजच्या आज यायला हवं.

ताई उठलीच. अधिकारी उठला नाही.

"बाई, तुमच्या व्हिसावर ते शहर नाही. पहिल्याच नाक्यावर उतरवतील आणि थेट सीमेपार सोडतील. मी वर विचारतो, पण उत्तराला दिवस जातात."

तिने विनवण्या केल्या. त्याने तिच्यासमोर दोनदा वरच्यांना फोन केला, दोन्ही वेळा नकार ऐकून फोन ठेवला. इथे बांबूला ओळखणारा, आणि तिथे जायची परवानगी असलेला, एकच माणूस होता. दोघांनीही त्याच्याकडे बघितलं.

"पण याला आता मी सोडू शकत नाही," अधिकारी म्हणाला. "तुमची तक्रार लिहून घेतली की याला आत घालायलाच हवं."

"माझी काही तक्रार नाही." ताईने हात जोडले. "साहेब, जाऊ द्या त्याला."

अधिकाऱ्याने सोबत एक शिपाई दिला आणि बांबूचा पासपोर्ट गट्टूच्या हातात ठेवला.

बसस्टँडवर ताईने त्याला पाण्याची बाटली आणि बिस्किटं घेऊन दिली. गट्टू खिडकीशी बसला. त्याने भीत भीत विचारलं, बांबूने डोळे उघडले आणि मला बघितलं तर काय सांगू? तिला त्याचं डोकं खिडकीच्या गजावर आपटावंसं वाटत होतं. पण हा बिथरला, वाटेत कुठे उतरून पुन्हा पळाला, तर बांबूपाशी जाणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तिने त्याच्या गालावरून हात फिरवला, तू आहेस म्हणून धीर आहे बाळा असं म्हणाली, आणि बस सुटेपर्यंत त्याच्याशी गोड बोलत राहिली.