बंद करू नये

त्या शनिवारी मी शाळेत फक्त एक कॉपी करायला गेले होते. पेन ड्राइव्ह दप्तराच्या छोट्या कप्प्यात होता आणि सरांच्या सहीचा कागद वहीत. पाच मिनिटांचं काम. बाबांनाही मी तेच सांगितलं होतं. ते आल्यावर आम्ही दवाखान्यात आईला भेटायला जाणार होतो. दुसऱ्या दिवशी ती घरी येणार होती.

आमच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब तळघरात आहे. अठरा पायऱ्या उतरल्या की एक लोखंडी दार. आत एकही खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारीही ट्यूबलाइट लावाव्या लागतात. गरम झालेल्या धुळीचा वास तिथे कायम असतो, आणि पंख्यांची घरघर. कॉम्प्युटरच्या आतले छोटे पंखे. थोडा वेळ बसलं की ती घरघर ऐकू येईनाशी होते.

लॅबचे दोन नियम आहेत. सरांच्या सहीशिवाय पेन ड्राइव्ह लावायचा नाही, व्हायरस येतो म्हणून. आणि दुसरा नियम कॉम्प्युटर स्वतःच पाळतात. प्रत्येकात एक प्रोग्राम बसवलेला आहे, सर त्याला पहारेकरी म्हणतात. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, की पहारेकरी मुलांनी ठेवलेलं सगळं पुसून टाकतो. ज्याला आपलं काम ठेवायचं असेल त्याने सही घ्यावी आणि कॉपी घरी न्यावी.

सही मागायची म्हणजे भरल्या वर्गात उभं राहून काय केलंय, कशासाठी केलंय ते सांगायचं. वर्गात मला 'म्यूट' म्हणतात. मी काय सांगणार?

म्हणून मी दुसरी वाट काढली. नऊ नंबरचा कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात 'बंद करू नये' लिहून तो पडद्याच्या कडेला चिकटवला. लॅब सांभाळणारे काका आधी हसले.

"काय गं नऊ नंबर, याला झोपही नाही का देणार?"

पण त्यांनी ऐकलं. वीज गेली तरी चालावा म्हणून टेबलाखाली बॅटरीचा डबाही लावून दिला. सात आठवडे तो कॉम्प्युटर एकदाही बंद झाला नाही.

त्यात माझी आई होती.

म्हणजे तिचा आवाज. आई एका मोठ्या कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायची. लोक भांडायला फोन करायचे आणि फोन ठेवताना तिचीच माफी मागायचे. मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर श्वाससुद्धा गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. नाकातोंडातून नाही.

ऑपरेशनच्या आधीचे तीन शनिवार आई माझ्याबरोबर लॅबमध्ये आली. नऊ नंबरच्या खुर्चीत बसली, हेडफोन लावला आणि मी केलेली यादी माइकमध्ये वाचली. पाणी. उशी. दार लाव. कुठे होतीस इतका वेळ? घसा दुखायचा म्हणून ती पुदिन्याची गोळी चघळत वाचायची आणि मध्येच थांबून गोळी गालात सरकवायची. मी प्रोग्राम असा लिहिला होता की पडद्यावरचं बटण दाबलं की तो शब्द तिच्या आवाजात ऐकू येईल.

बाबा म्हणाले होते, "यादीत 'तुमचं बरोबर आहे' हेही घाल. लग्नाला सोळा वर्षं झाली, एकदा तरी ऐकू दे."

"तसला शब्द माझ्याकडे नाही," आई म्हणाली होती.

पण शेवटच्या शनिवारी, बाबा बाहेर गाडीपाशी उभे असताना, तिने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि तेच वाचलं. यादीतलं ते दोनशे बारावं.

शेवटी बाबांनीच सरांना फोन करून सहीचा कागद मिळवला. तोपर्यंत ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते.

तर त्या दुपारी मी नऊ नंबरसमोर बसले. सगळं जागेवर होतं. पेन ड्राइव्ह हातात होता, लावायचाच होता. पण 'पाणी' दाबलं की शब्द दोनदा वाजत होता. म्हटलं, एवढं नीट करू आणि मगच कॉपी करू. चूक सापडली तर दुसरी दिसली. मी दीड तास लिहीत राहिले. एकदाही पेन ड्राइव्हवर सेव्ह केलं नाही.

तीन चाळीसला वीज गेली.

पडदा काळा झाला. मला वाटलं, बॅटरी आहे, येईल आता. आला नाही. मी टेबलाखाली हात घातला. डब्याचं झाकण उघडं होतं. आत बॅटरीच नव्हती.

तळघरातला अंधार डोळ्यांना चिकटतो. मी हालले नाही. सगळे पंखे गप झाले होते आणि इतकी शांतता मी तिथे कधीच ऐकली नव्हती. मग लक्षात आलं, पूर्ण शांतता नाहीये. एक पंखा अजून फिरत होता... अगदी माझ्या गुडघ्यापाशी. नऊ नंबरचा.

आणि पुदिन्याचा वास आला.

मी खुर्ची मागे ओढली. टेबलावर ठेवलेला हेडफोन हाताला लागला. त्याच्या कानाच्या गाद्या गरम होत्या. मी तर तो त्या दिवशी कानाला लावलाच नव्हता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ट्यूबलाइट फडफडून लागल्या. कॉम्प्युटर चालू झाला, आणि पहारेकऱ्याने त्याचं काम केलं होतं. पडद्यावर शाळेचं चित्र, स्वच्छ. माझा प्रोग्राम नाही. दोनशे बारा आवाजांतला एकही नाही.

फक्त एक फाइल होती. तिचं नाव २१३. वेळ तीन सत्तेचाळीस. तेव्हा वीज नव्हती.

मी हेडफोन लावला. आधी नुसती घरघर. मग गोळी दातावर आपटल्याचा बारीक आवाज, आणि आई.

"बंद नको करूस गं... मी अजून वाचतेय."

मी पेन ड्राइव्ह लावला. दोनदा उलटा गेला, तिसऱ्यांदा बसला. कॉपी झाली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि लॅबचे काका किल्ल्या घेऊन आत आले.

"आई आली होती का तुझी? मगाशी जिन्यात आवाज ऐकला. काहीतरी वाचत होती."

मी मान हलवली. नाही म्हणून.

"मग कोण होतं?" त्यांनी सगळ्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं. "जाऊ दे. चल, पाच वाजले."

"काका, डबा..."

"त्यातली बॅटरी ऑफिसात नेली. पेपरांची छपाई होती. सोमवारी लावणारच होतो. तू तर आज कॉपी नेणार होतीस ना?"

मला ओरडायचं होतं. हा बंद करू नका, म्हणायचं होतं. कागद तर अजून तिथेच चिकटलेला होता, माझ्याच अक्षरातला. पण घशातून काही निघेना. भरल्या वर्गात जसं होतं, तसंच. काकांनी भिंतीवरचं मोठं बटण खाली ओढलं. एकेक पंखा थांबत गेला. नऊ नंबरचा सगळ्यात शेवटी.

दवाखान्यात आई उशीला टेकून बसली होती. गळ्यावर जाळीचा पांढरा तुकडा, मांडीवर पाटी. मला बघताच तिने लिहिलं, 'माझा आवाज आणलास?'

बाबा माझ्याकडे बघत होते. मी खिशातून पेन ड्राइव्ह काढून दाखवला.

ती हसली. पाटी पुसून तिने पुन्हा लिहिलं, 'दुपारी झोप लागली. स्वप्नात तुझी यादी वाचत होते. संपेचना.' मग खाली जागा उरली नाही म्हणून तिने ते पुसलं, आणि पाटी फक्त माझ्याकडे वळवली.

'पाच वाजता कुणीतरी दिवे घालवले. तू तिथेच होतीस ना?'

घरी आल्यावर मी बाबांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "माझं ते वाक्य घेतलं होतंस का?" मी नाही म्हटलं. आयुष्यात इतक्या सहज मी कधीच खोटं बोलले नव्हते.

आता मी सगळ्याच्या तीन प्रती ठेवते. एक जुन्या लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, एक मावशीच्या घरी. दर दहा मिनिटांनी सेव्ह करते. वर्गातली मुलं हसतात. नव्या प्रोग्राममध्ये आईसाठी मशीनचा आवाज घातलाय. ती तो क्वचितच वापरते.

२१३ च्याही तीन प्रती आहेत. घरी आणल्यापासून तीत शब्द नाहीत, नुसती पंख्याची घरघर. पहिल्या दिवशी ती अकरा सेकंदांची होती. काल तिन्हीकडे पाहिलं, चार मिनिटं झाली आहेत. मावशीचा कॉम्प्युटर तर त्याआधी महिनाभर कुणी उघडलेलाच नव्हता.

मी शेवटपर्यंत ऐकलं. अगदी शेवटी घरघर थांबते आणि कुणीतरी श्वास घेतं, बोलायच्या आधी घेतात तसा. आईचा आताचा श्वास मी ओळखते. रोज रात्री शेजारच्या खोलीतून ऐकू येतो, गळ्याच्या भोकातून, शिट्टीसारखा.

हा तो नाही. हा तोंडाने घेतलेला आहे.